जुनी मोटार आणि आमची ऐपत

जुनी मोटार घेऊ नये असे सांगणाऱ्या माणसांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या दुकानात, कोठेही तुम्ही नुसता विषय काढा. शेजारचा गृहस्थ हातातला घास तसाच ठेवून पांढऱ्या हत्तीची गोष्ट सांगू लागतो. त्याने स्वतः कधी जुनी मोटार घेतलेली नसते. त्याच्या मेहुण्याने घेतलेली असते, आणि ती मेहुण्याला खंबाटकीच्या घाटात, ऐन पावसात, सहकुटुंब दगा देऊन गेलेली असते. 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' या म्हणीला तिसरा चरण जोडण्याचा मान प्रत्येकाला हवा असतो.

या मंडळींचा मला राग येत नाही. त्यांचे म्हणणे निदान सरळ असते: पैसे नाहीत ना, मग हौस करू नका. माझा तंटा आहे तो दुसऱ्या दोघांशी. एक, ज्यांनी जुन्या मोटारीला 'व्हिंटेज' हे नाव देऊन तिला सराफाच्या काचेत नेऊन बसवली, ते श्रीमंत आणि त्यांचे दलाल. आणि दुसरे, मोटारीची पत्रिका पाहून तिला शिक्षा फर्मावणारे आपले सरकार. या दोघांच्या मध्ये सापडून जो चिरडला जातो तो माझ्यासारखा माणूस. मी एका शाळेत ३१ वर्षे गणित शिकवले. निवृत्तीच्या वेळी घर, मुलीचे शिक्षण आणि आजारपण यांची तजवीज वजा जाता माझ्या हौसेच्या नावाने १ लाख ६० हजार रुपये उरले होते. या रकमेत एक जुनी, देखणी, चालती मोटार बाळगण्याचा मला अधिकार आहे की नाही, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर 'आहे' असे आहे, आणि त्यासाठी मी भांडणार आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, ज्या मोटारींविषयी मी बोलतो आहे त्या मुळात राजेरजवाड्यांच्या नव्हेतच. माझ्या लहानपणी आमच्या गावात दोन मोटारी होत्या. एक साखर कारखान्याची अँबॅसडर आणि दुसरी डॉक्टरांची 'डुक्कर फियाट'. हे नाव कंपनीने दिलेले नव्हते. तिच्या गोलसर पुढे आलेल्या तोंडाकडे पाहून लोकांनी दिले होते, आणि ते इतके पक्के बसले की खुद्द डॉक्टरही तिला त्याच नावाने हाक मारीत. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत. त्या गाडीतून रात्री-अपरात्री बाळंतिणी मिशन हॉस्पिटलात गेल्या, मुंजीचे बटू देवदर्शनाला गेले, आणि एकदा डॉक्टरांच्या शेतावरची पेंडीची पोतीही गेली. त्या काळी मोटार ही हौस होती आणि गरजही होती, आणि दोन्हींसाठी माणसे वर्षानुवर्षे नंबर लावून बसत.

लालबहादूर शास्त्र्यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. १९६४ साली, देशाचे पंतप्रधान असताना, त्यांनी फियाट घेतली. किंमत १२ हजार. बँकेत होते ७ हजार. उरलेले ५ हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला ते वारले तेव्हा कर्ज शिल्लक होते, आणि ललिताबाईंनी ते मागाहून आपल्या पेन्शनीतून फेडले. ती गाडी आज दिल्लीत त्यांच्या स्मारकात आहे. ही गोष्ट सांगून लोक शास्त्रीजींच्या सचोटीचे गुणगान करतात, ते योग्यच आहे. मला तीत आणखी एक दिसते: हात आखडता असलेल्या माणसाचीच ती गाडी होती.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडणारी ही फियाट ११०० पुढे नाव बदलून १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सी. सी. चे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. यात गूढ असे काही नाही. हायस्कुलातल्या हुशार मुलाला एका सुट्टीत समजावून देता येईल असे ते यंत्र आहे. मुंबईत ती काळीपिवळी टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी काय गहिवर आणला! ज्यांनी त्या टॅक्सीत बसताना गादीवर रुमाल अंथरला, काच खाली होत नाही म्हणून चालकाला चार शब्द सुनावले, तेच आता तिच्या मीटरची छायाचित्रे दिवाणखान्यात लावू लागले. रडण्याला माझी हरकत नाही. पण अश्रू वाळण्याच्या आत दलालांनी भाव वाढवले, त्याला माझी हरकत आहे. काल ज्या गाडीला 'खटारा' म्हणत ती आज 'क्लासिक' झाली. गाडीत फरक पडला नव्हता, जाहिरातीत पडला होता.

श्रीमंतांनी आपल्या संग्रहात पन्नास मोटारी ठेवाव्यात, वर्षातून एक रविवार त्यांची मिरवणूक काढावी, फेटे बांधावेत, चषक वाटून घ्यावेत. त्यात माझे काय जाते? पण त्यांनी नकळत एक मापही लोकांच्या हाती दिले आहे, आणि ते माप खोटे आहे. दुर्मीळ ते मोलाचे, हे ते माप. ज्याच्या पदरी दोन मिस्त्री आणि एक गोदाम आहे त्याला दुर्मीळपणा परवडतो. मर्यादित पैशाच्या माणसाला दुर्मीळपणा म्हणजे साक्षात शनी. तरुणपणी माझे मन मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्डवर होते. मिकेलोत्ती या इटालियन कारागिराने तिचा आकार रेखलेला. तिचे सगळे तोंडच्या तोंड पुढे उघडते आणि इंजिन ताटात वाढल्यासारखे समोर येते. परंतु हेरल्ड १९७१ नंतर निघाली नाही, आणि आज तिची एखादी काच फुटली तर ती काच मिळेपर्यंत माणसाने वारी करून परत यावे. उलट अँबॅसडर उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत निघत होती, आणि पद्मिनी टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे राबली. म्हणूनच कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात तिचा सांधा न् सांधा आजही हुडकून मिळतो. जी मोटार सर्वांची होती तीच गरिबाला ठेवता येते. यात कमीपणा कसला? ज्यांना हेही महाग वाटते त्यांनी १९८३ च्या डिसेंबरात निघू लागलेल्या पहिल्या मारुती ८०० कडे पाहावे. तिला चाळीस वर्षे उलटली, आणि दलालांची नजर तिच्यावर अजून पुरती गेलेली नाही. आताच घाई करावी.

आता माझी फजिती सांगतो. ती न सांगता दुसऱ्यांना नावे ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२०१८ साली मी पुण्याच्या एका विक्रेत्याकडून आकाशी रंगाची पद्मिनी घेतली. रंग नवा, गाद्यांना नवे कापड, चाकांना पांढरे पट्टे. मी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि माझे ३१ वर्षांचे गणित गळून पडले. १ लाख ४० हजार दिले. हाती २० हजार उरले. विक्रेत्याने पेढे दिले. मी शहाणा असतो तर त्या पेढ्यांचीही पावती मागितली असती. पुढच्या पावसाळ्यात एक चाक पंक्चर झाले. मी दरवाज्याखाली जॅक लावला आणि दांडा फिरवू लागलो. जॅक वर जात होता. गाडी मात्र जागची हलत नव्हती. मग कागद फाटावा तसा आवाज झाला आणि जॅकचे डोके पत्र्यातून आत गेले.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. पत्र्याची काया हीच तिची हाडे. दरवाज्यांच्या खालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी जी पोकळ पेटी असते तिच्यावर आणि तळपत्र्यावर सगळा भार. ती पेटी गंजली की वर रंग कोणताही असो, गाडी आजारी नव्हे तर मेलेली असते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मिस्त्री तिच्या बाजूला उकिडवे बसले, पटाशीने लांबीचा थर खरवडू लागले आणि खरवडतच राहिले. अंगठाभर जाडीची लांबी निघाली. तिच्यामागे पत्रा नव्हताच. कोंबून बसवलेले वर्तमानपत्र होते. मिस्त्रींनी ते उलगडले, तारीख वाचली आणि म्हणाले, "गुरुजी, तीन वर्षांपूर्वीचं आहे. बातमी शिळी आहे, पण गाडीपेक्षा कागद चांगला राहिलाय."

ती गाडी मी सुट्या भागांच्या भावाने विकली. त्या मिस्त्रींनी मला पुढच्या दोन वर्षांत जे शिकवले ते असे की, आपल्याजवळ जेवढा पैसा असेल त्याच्या निम्म्याच्या वरची गाडी पाहायलाही जाऊ नये. उरलेला निम्मा गाडीचाच असतो. तो तुमच्या खिशात फक्त मुक्कामाला असतो. हे वाक्य मी वर्गातल्या फळ्यावर लिहिले असते.

गाडी पाहायला जाताना त्यांनी मला एक लोहचुंबक दिले, पातळ फडक्यात गुंडाळलेले. ते दरवाज्यांच्या खालच्या कडेवर, चाकांच्या कमानींवर, डिकीच्या तळाशी फिरवायचे. जेथे ते चिकटत नाही तेथे पत्रा नाही, लांबी आहे. पायाखालची चटई उचलून पाहायची. विकणारा उचलू देत नसेल तर नमस्कार करून परत यायचे. गाडी कोकणातली की देशावरची हे आधी विचारायचे, कारण खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी आतून जाते. इंजिनाच्या झाकणावर हात ठेवायचा. ते तुम्ही येण्याआधीच कोमट असेल तर गाडी सकाळी थंडीत सुरू व्हायला कुरकुरते, आणि हे तुम्हांला कळू नये असे कोणाला तरी वाटते. निळा धूर आला तर ती तेल पिते. पांढरा धूर थांबेचना तर पाणी जाऊ नये तिथे जाते आहे. पण मिस्त्री म्हणत, इंजिनाला फार भिऊ नका. इंजिन लेथवर नीट होते, आमचे उद्यमनगर त्यावर तर जगते. पत्रा आणि कागद, या दोन गोष्टी बिघडल्या की पैसा पुरत नाही.

कागदांचे मात्र मी पुस्तकच करू शकेन. पुस्तकातला इंजिन नंबर आणि लोखंडावर कोरलेला नंबर अक्षरशः जुळला पाहिजे. तीस वर्षांपूर्वीच्या कर्जाचा बोजा पुस्तकावरून उतरलेला पाहिजे. मूळ मालक वारला असेल तर वारसांच्या सह्या हव्यात, आणि वारस भांडत असतील तर गाडी कितीही सुंदर असो, तिच्याकडे पाठ फिरवावी.

अशा रीतीने २०२० साली मिरजेच्या एका निवृत्त कारकुनाची १९९२ ची पद्मिनी मला मिळाली. रंग विटलेला, एका बाजूला पोचे, गाद्या उसवलेल्या. पण पत्र्याच्या शेडखाली कोरड्यात उभी असलेली आणि चुंबक सगळीकडे चिकटणारी. ५५ हजार. पहिला खर्च रंगाचा केला नाही. आजही केलेला नाही. चारही चाकांच्या ब्रेकची रबरे, मास्टर सिलिंडर, पाचही टायर, रेडिएटर, पेट्रोलची टाकी आणि वायरिंग यांत ४८ हजार गेले. टायरांवर नक्षी भरपूर होती, तरीही बदलले. टायर झिजून जातो तसा म्हातारा होऊनही जातो, आणि त्याच्या अंगावर कोरलेल्या चार आकड्यांत त्याचा आठवडा आणि साल वाचता येते. म्हणजे सगळी मिळून १ लाख ३ हजार. चकचकीत गाडीपेक्षा स्वस्त, आणि घाट चढणारी. विटलेल्या रंगाची मला लाज वाटत नाही. लाज वाटायची ती त्या आकाशी रंगाची.

येथवर सगळे माझ्या हाती होते. आता सरकारकडे वळतो.

२०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने 'व्हिंटेज' मोटारींसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी असेल तर तिची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर. पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये, ती १० वर्षे चालते. पुढे पुन्हा नोंदायची तर ५ हजार. तिने रोजच्या कामाला रस्त्यावर यायचे नाही. ठीक. आता आमच्या पद्मिनीचे ऐका. खाजगी गाडीला १५ वर्षे झाली की दर ५ वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. याची फी पूर्वी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ती १० हजार झाली. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. मी गणिताचा मास्तर आहे, मला क्षमा करा. पन्नाशी उलटलेली, फेट्याबरोबर मिरवणारी मोटार, पहिली नोंदणी संपल्यावर पुनर्नोंदणीला ५ हजार देईल. माझी पद्मिनी १० वर्षांना २० हजार. रामालाही वनवास चौदाच वर्षांचा होता. विसापासून पन्नासापर्यंतच्या मोटारीला तो तीस वर्षांचा आहे. माझी पद्मिनी २०४२ साली पन्नाशीची होईल. तोपर्यंत ती टिकेल अशी मला खात्री आहे. माझ्याविषयी तेवढी देता येत नाही.

याला उत्तर असे देतात की जुन्या गाड्या धूर करतात. करतात. कार्ब्युरेटरच्या इंजिनाचा धूर नव्या इंजिनाच्या धुरापेक्षा वाईट असतो हे मी नाकबूल करत नाही. धूर गाळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून लागला, माझ्या १९९२ च्या गाडीला तो नाही. ती रोज धावली तर शहराचे नुकसान करील, आणि रोज धावणाऱ्या जुन्या गाड्यांवर जबर कर बसवा. मी पहिली सही करीन. पण ती वर्षाला दीड हजार किलोमीटर धावते. धूर किती, हे दर किलोमीटरच्या धुराला किलोमीटरांनी गुणून निघते, हे सातवीच्या मुलाला कळते. कायद्याने या गुणाकारातला एकही आकडा विचारलेला नाही. त्याने फक्त जन्मतारीख विचारली. धूर तपासायचे यंत्र आहे, किलोमीटर मोजायचा काटा गाडीतच आहे. दोन्ही सोडून पंचांग उघडायचे, याला धोरण म्हणावयाचे काय?

शिवाय गाडीच्या पोटात काय जाते तेही आमच्या हाती नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल झाले, ते मुलांच्या फुप्फुसांसाठी आणि मेंदूंसाठी उत्तमच झाले. शिशाच्या पेट्रोलवर वाढलेल्या इंजिनांना व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या करून घ्याव्या लागल्या, आम्ही करून घेतल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले आहे. ते हवेतले पाणी ओढते आणि जुनी रबरे खाते. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचे ते असेल, त्यामुळे त्याला फार शिव्याही देता येत नाहीत. आम्ही रबरे बदलतो. साधे पेट्रोल मागून पाहतो, पंपावरचा मुलगा हसतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही नव्या ठशाच्या नंबरपाट्या सक्तीच्या झाल्या, म्हणून माझ्या मिरजेच्या कारकुनाने स्वतःच्या हाताने रंगवलेली काळी पाटी मी उतरवली. ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. हे सगळे आम्ही मुकाट्याने करतो. पण हे करूनही आम्हांला 'भंगारवाले' म्हणायचे आणि ज्याची गाडी गालिच्यावरून उतरत नाही त्याला 'वारशाचे रक्षणकर्ते' म्हणायचे, हे मात्र मुकाट्याने ऐकून घेणार नाही. वारसा राखतात ते उद्यमनगरातले मिस्त्री. ते आज अडुसष्ट वर्षांचे आहेत. कार्ब्युरेटर कानाने जुळवतात. त्यांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. दर पाच वर्षांनी कायदा गिऱ्हाइकांना हुसकत असेल तर त्या धंद्यात मुलाने का यावे?

२०२२ च्या जूनमध्ये नोंदणी नवी करायला मी गाडी घेऊन गेलो होतो. तेथे अर्ज घेणारा एक तरुण कारकून दुपारच्या सुट्टीत बाहेर आला आणि गाडीभोवती फिरू लागला. त्याच्या चेहऱ्यावरची ती प्रदक्षिणा मी ओळखली. त्याने १ लाख रुपये साठवले होते. मी त्याला मिस्त्रींचा पत्ता दिला. गेल्या मे महिन्यात तो त्यांच्याकडे घाईघाईने आला: रत्नागिरीकडे एक पद्मिनी आहे, नवा लाल रंग, मालक ऐंशी हजारांत देतो, उद्याच निघायला हवे. मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेले चुंबक त्याच्या हातावर ठेवले आणि ते कामाला लागले. दोन दिवसांनी तो चुंबक परत द्यायला आला. त्याला अजून गाडी मिळालेली नाही, आणि त्याचे १ लाख रुपये शाबूत आहेत.